अर्थ मिळतो का? दोन्ही अर्थांनी! हॉस्पिसच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी "तू काय करतेस गं?" असं विचारतात तेव्हा मी "सोशल वर्कर आहे" एवढ्यावर भागवते. पूर्ण उत्तर दिलं की त्यांच्या हातातली जिलेबी तिथेच थांबते. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते दरवेळी जवळपास तेच असतात. मी आधी हॉस्पिसच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या, वॉर्डात होते. आता बरीच वर्षं शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या पथकात आहे. रुग्णांच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. प्रश्न मात्र लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, आगाऊ असले तरी.

हॉस्पिस म्हणजे मरायला नेऊन ठेवायची जागा ना?

तिथे माणसं मरतात, हे खरं. पण कितीतरी माणसं आठ-दहा दिवस राहून, दुखणं आटोक्यात आलं की स्वतःच्या पायांनी घरी जातात. ते कोणी सांगत नाही.

हॉस्पिस या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला पाहुणचार आहे. आपल्याकडचा त्याच्या जवळचा शब्द धर्मशाळा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचाराला आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं तिथे उतरतात. ते हॉस्पिस नव्हे, पण परक्या शहरात आजारपण घेऊन आलेल्याला पथारी टाकायला जागा देणं, ही कल्पना एकाच घराण्यातली आहे.

आजच्या पद्धतीचं हॉस्पिस सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सुरू केलं, त्याचं नाव सेंट ख्रिस्तोफर्स. या बाई आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. (आमच्या जमातीची एक बाई मधल्या पायरीवर होती, याचा मला उगाच अभिमान आहे.) भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईत निघालं. १९८६ मध्ये वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं. पुढे गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र झालं. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून चालू आहे. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. केरळने वेगळीच वाट धरली. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून पुढे गावोगावचे शेजारीपाजारीच शिकून तयार झाले आणि आपापल्या गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाऊ लागले. आमच्यासारखी घरी जाणारी पथकं त्यांच्याकडून खूप शिकली.

पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस एकच का?

नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे मुळात पांघरूण घालणं. आजार बरा होवो न होवो, त्रास कमी करायचा. हे निदान झाल्या दिवसापासून, केमोथेरपी चालू असतानाही करता येतं. हॉस्पिस हा त्यातला शेवटचा टप्पा.

आणि "तिकडे नेलं म्हणजे आशा सोडली" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत बॉस्टनला फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं मन जास्त स्थिर राहिलं आणि शेवटी त्यांना जोरकस उपचारही कमी घ्यावे लागले. तरी त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे ८.९ महिन्यांहून. एका अभ्यासावर सगळं तोलू नये. पण "लवकर मारतात" या समजुतीला एवढं उत्तर पुरे.

डॉक्टरांनी हात टेकल्यावर तुमच्यासाठी करण्यासारखं राहतं तरी काय?

बरं करण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यापुढे करण्यासारखं इतकं असतं की दिवस पुरत नाही.

एक घर सांगते. तंबाखूने गालाचा कॅन्सर झालेला, पन्नाशीचा माणूस. गालाला आरपार जखम आणि तिचा वास. दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीत तो एकटा, बाहेरच्या खोलीत बाकी सगळे. बायको नाकाला पदर लावून ताट सरकवायची आणि बाहेर येऊन रडायची, कारण पदर लावल्याचं तिला स्वतःलाच सहन होत नव्हतं. आमच्या सिस्टरने जखम नीट धुतली, वास आणणारे जंतू मारणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून तीत भरली आणि रोजची मलमपट्टी कशी करायची ते बायकोला शिकवलं. स्वस्त गोळी, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी. आम्ही चार-पाच दिवसांनी परत गेलो तेव्हा नातू त्याच्या कॉटवर बसून मोबाइल बघत होता आणि आजोबा त्याला ओरडत होते. कॅन्सर जिथल्या तिथे होता. घर मात्र पुन्हा दोन खोल्यांचं झालं होतं.

बाकी काम असंच. बेडसोअर होऊ नये म्हणून कूस बदलणं. ओल्या कापसाने तोंड पुसणं. मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं दुखण्यावरचं औषध, सुरू झालं की बद्धकोष्ठ होणारच, म्हणून त्याचं औषध त्याच दिवशी सुरू आहे ना ते बघणं. रेशन कार्ड, पेन्शनचा हयातीचा दाखला, शाळेची फी. रात्री दोनला येणारा फोन.

"अर्थ" मिळतो का या कामात?

मराठीत हा शब्द दोन कामं करतो, म्हणून आधी सोपं उत्तर. पैसे कमी मिळतात. संस्था बहुतेक देणग्यांवर चालतात. माझ्याबरोबर एमएसडब्ल्यू ही समाजकार्याची पदवी घेतलेले आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक कामाच्या) विभागात गेलेले मित्र माझ्या कितीतरी पट कमावतात. हे आधीच माहीत असलेलं बरं. नाही तर तिसऱ्या वर्षी त्याग केल्याची भावना येते, आणि त्यागी माणूस रुग्णाच्या घरी फार जड होतो.

दुसरा अर्थ विचाराल तर तो मिळतो. पण शोधायला गेलात तर नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले, ती चूक पुढे येईल. नवीन मुलं येतात ती मरणाऱ्या माणसाकडून काहीतरी घ्यायला येतात. जगण्याचं रहस्य, शेवटचा संदेश, निदान डोळ्यांत पाणी आणणारं एखादं वाक्य. समोर असतात एक आजी. त्यांना तीन दिवस शौचाला झालेलं नाही आणि त्यांना फक्त तेवढ्याविषयीच बोलायचं असतं. त्या तेवढ्याविषयी जो मनापासून बोलू शकतो, तो या कामात टिकतो.

माझ्या एका रुग्णाची कांद्याची शेती होती. पोटात पाणी साठलेलं, कावीळ वाढलेली. मी गेले की पहिला प्रश्न, "लासलगावला आज काय निघाला?" मला कांद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिसऱ्या भेटीपासून मी निघण्यापूर्वी भाव बघून जायला लागले. उन्हाळ कांदा वेगळा, लाल वेगळा, चाळीत किती दिवस टिकतो, सगळं त्यांनी शिकवलं. आमचं मृत्यूविषयी एकदाही बोलणं झालं नाही. शेवटच्या आठवड्यात एकदा ते म्हणाले, "पोराला सांगा, आता थांबू नको, विकून टाक." चाळीतल्या मालाविषयी बोलत होते की स्वतःविषयी, मला आजही कळलेलं नाही. त्यांना नव्हतं विचारलं, तुम्हीही विचारू नका. मुलाने दुसऱ्या दिवशी माल विकला.

रोज मृत्यू बघून त्रास होत नाही?

होतो. मरणाचा कमी आणि ज्या मरणात आपण काही करू शकलो असतो त्याचा जास्त. ज्या घरी आपण चार दिवस उशिरा पोचलो, ते घर अनेक वर्षं डोक्यात राहतं.

आणि घरी येऊन काय करता?

आंघोळ. आमच्या सासूबाई सांगतात म्हणून सुरू केली, आता मलाच लागते.

"त्यांना काही सांगू नका" असं घरचे म्हणतात तेव्हा?

हे इतक्या घरांत ऐकलंय की दाराशीच ओळखू येतं. मुलगा आम्हाला जिन्यातच गाठतो. "बाबांना फक्त अल्सर आहे असं सांगितलंय. तुमच्या बॅगवर काही लिहिलेलं नाही ना?" आत गेलं की बाबा मुलाला पाणी आणायला पाठवतात आणि हळूच विचारतात, "पोराला झेपेल का हो? त्याला अजून कल्पना नाही." दोघेही एकमेकांना सांभाळत असतात आणि दोघेही एकटे पडलेले असतात.

पूर्वी मला अशा घरच्यांचा राग यायचा. रुग्णाचा हक्क वगैरे. आता येत नाही. ते खोटं मायेपोटीच बोललेलं असतं, आणि मायेवर तावातावाने बोट ठेवून काही साधत नाही. मी मुलाला एवढंच विचारते, "बाबांनी स्वतःहून विचारलं तर काय करायचं?" आणि बाबांना विचारते, "तुम्हाला या आजाराबद्दल काय वाटतं?" बहुतेकांना ठाऊक असतं. ज्याला जाणून घ्यायचं नाही त्याच्यावर सत्य लादायचं नाही. ज्याने विचारलं त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. या दोन वाक्यांच्या मधली जागा अरुंद आहे, आमची निम्मी नोकरी तिथेच जाते.

मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो म्हणतात.

योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलं तर नाही. सुरुवातीला दोन-चार दिवस झोप आणि मळमळ, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ राहतंच. दुखण्यासाठी नीट देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन लागण्याची धास्ती घरच्यांना असते, रुग्णाला नसते. त्याला फक्त रात्रभर झोपायचं असतं.

हे औषध आपल्याकडे मिळणं मात्र फार काळ अवघड होतं. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते. जगाच्या औषधांसाठी ती लागते, आणि इथला रुग्ण मात्र तळमळत राहायचा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं, कारण त्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागायचे. केरळमधले पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मॉर्फिनसह सहा औषधांसाठी नियम सुटसुटीत झाले. अजूनही तालुक्याच्या गावी ते सहज मिळत नाही. "दुखतंय" म्हणणाऱ्याला "सहन करा" असं उत्तर मिळतं, तेव्हा मला या कामात अर्थबिर्थ काही दिसत नाही, नुसता संताप येतो. तोही कामाला येतो, फोनवर.

गोळ्या वाढवूनही दुखणं थांबत नसेल तर?

डॉक्टर मात्रा बघतात, मी बाकीचं बघते. सॉन्डर्स यांनी 'संपूर्ण वेदना' अशी कल्पना मांडली. शरीर, मन, नाती, पैसा, श्रद्धा, सगळं एकाच जागी दुखतं. ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात ते असं असतं: एका काकांचं दुखणं रोज संध्याकाळी सातच्या सुमारास वाढायचं. औषधाच्या वेळा बदलून पाहिल्या. शेवटी कळलं की सातला मुलगी कामावरून यायची आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यांना आठवायचं की त्यांच्या आजारासाठी बायकोच्या नावावर बचत गटाचं कर्ज काढलंय. गटाच्या अध्यक्षीणबाईंना घरी बोलावलं. हप्ते लांबवून मिळाले. मॉर्फिन बंद झालं नाही, पण वाढवायचं थांबलं.

जेवणच बंद झालंय. सलाईन लावा, नळी घाला, काहीतरी करा!

"आई उपाशी गेली" हे वाक्य आपल्याकडे आयुष्यभर बोचतं, म्हणून हा प्रश्न मी कधी घाईत उरकत नाही. माणूस खात नाही म्हणून मरत नसतो. तो मरणाच्या वाटेवर असतो म्हणून खाणं सुटतं. शरीर आवरतं घेत असतं. अशा वेळी सलाईन लावलं तर बऱ्याचदा पाणी फुप्फुसांत आणि पायांत उतरतं आणि त्रास वाढतो. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं ती त्यांची निवड होती. इथे शरीरच सोडून देतं.

पण "काही देऊ नका" एवढं सांगून निघून यायचं नाही. भरवणं हे आपलं प्रेम करायचं साधन आहे, ते हातातून काढून घेतलं तर लेकीने करायचं काय? म्हणून ते बदलून द्यायचं. ओठ ओले करा. जीभ पुसा. शुद्धीवर असतील, गिळता येत असेल आणि आवडत असेल तर लोणच्याचा खार जिभेला लावा. एका आजींना शेवटपर्यंत मिश्री हवी होती. त्यांना मिश्रीनेच कॅन्सर झाला होता. दिली. कोणाला पटत नसेल तर नसो.

शेवटच्या दिवसांत काय दिसतं? आधी कळलं तर बरं.

झोप वाढते. हातपाय गार पडतात, त्यांच्यावर निळसर-जांभळी नक्षी उमटते. श्वास मध्येच थांबतो, बघणाऱ्याचाही थांबतो, आणि परत सुरू होतो. काहींना आधी गेलेली माणसं दिसतात. "अण्णा आलेत, त्यांना चहा टाका" असं म्हणतात. भांडू नका, अण्णांना बसू द्या. एखाद्याला मध्येच चांगली जाग येते, बोलतो, खायला मागतो आणि घरच्यांना वाटतं वळण लागलं. दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो असं जुनी माणसं म्हणतात, ते यालाच.

आणि घरघर. आपल्या भाषेने या आवाजाला केव्हाच नाव देऊन ठेवलंय. घशात साठलेला स्राव बाहेर टाकायची ताकद उरत नाही, म्हणून श्वासाबरोबर तो वाजतो. रुग्ण तेव्हा बहुधा शुद्धीच्या पलीकडे असतो. त्रास ऐकणाऱ्याला होतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर घ्या. स्राव कमी करणारं इंजेक्शन असतं. नळी घालून ओढत बसू नका.

बोलत राहा. कॅनडातल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या, तेव्हा काहींचा मेंदू आवाजांना अजून दाद देत होता. म्हणून तिजोरीच्या किल्लीचं भांडण निदान बाहेरच्या खोलीत करा.

अशी भांडणं खरंच होतात?

अंगठा घ्यायला स्टॅम्प पॅड घेऊन आलेला पुतण्या मी पाहिलाय, रुग्णाला शुद्ध नसताना. आमचं काम न्यायाधीशाचं नाही. पण रुग्ण शुद्धीवर आहे का, हे कागदावर लिहून ठेवायचं काम आमचं आहे. त्या दिवशी सिस्टरने मोठ्याने तारीख-वेळ सांगत नोंद केली. पॅड परत खिशात गेलं.

आजारपणात घर सुधारत नाही, उघडं पडतं. प्रेमळ घर जास्त प्रेमळ दिसतं, आणि उरलेली घरं तुमच्यावर ओरडतात. ओरडून घ्या. तो राग तुमच्यावर नसतो. (कधी कधी असतो.)

तुमच्याकडून चूक झाली आहे?

एक सांगते, वर उल्लेख केला ती. दोन भाऊ, बांधावरून वीस वर्षं अबोला. धाकटा आमचा रुग्ण. माझं तेव्हा दुसरंच वर्ष होतं. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं: भाऊ भेटतील, रडतील, मी दारात उभी असेन. थोरल्याला मी चार फोन केले, गाडीभाड्याचीही सोय केली. तो आला, कॉटजवळ उभा राहिला. धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. थोरला दहा मिनिटं उभा राहून गेला. चार दिवसांनी धाकटा वारला.

तेराव्यानंतर मी घरी गेले तेव्हा त्याची बायको शांतपणे म्हणाली, "ताई, त्यांना भेटायचं नव्हतं. तुम्हाला भेटवायचं होतं."

त्यानंतर मी कोणाच्या मरणातून गोष्ट तयार करायला गेलेले नाही. रुग्णाने नाव काढलं तर विचारते, "बोलवायचं का?" तो नाही म्हणाला तर नाही. काही माणसं राग घेऊनच जातात, तोही त्यांचाच असतो.

मग रुग्णाला आयुष्याकडे मागे वळून बघायचं असेल तर मदत कशी करता?

कॅनडातल्या हार्वी चोचिनोव्ह या मानसोपचारतज्ज्ञांची एक पद्धत आहे. रुग्णाला विचारायचं की आयुष्यातलं काय लक्षात राहावंसं वाटतं, कशाचा अभिमान आहे, कोणाला काय सांगायचंय. ते रेकॉर्ड करून, लिहून, नीट करून त्याला परत द्यायचं. तो ते हवं त्याच्या हवाली करतो. आम्ही ती आमच्या परीने वापरतो.

चार घरची धुणीभांडी करून तीन मुलं वाढवलेल्या एका मावशींना मी हे समजावलं तर म्हणाल्या, "माझं काय लिहायचंय? भिशीचं लिहा." मग त्यांनी भिशीचा सगळा हिशोब सांगितला. कोणाचा नंबर कधी लागला, कोणी हप्ता चुकवला, कोणाच्या बाळंतपणात नंबर पुढे ओढून दिला, कोणाच्या नवऱ्याला कळू न देता पैसे ठेवून घेतले. अकरा बायकांची आणि चौदा वर्षांची हकिगत निघाली. शेवटची ओळ: "माझा नंबर सुनेला द्या, पोराला नको." मी लिहिलेल्या कागदांत याच्याइतकं नेमकं मृत्युपत्र दुसरं नाही. सुनेने ते लॅमिनेट करून ठेवलंय.

देवाधर्माचं काय? तुम्ही मानता का?

माझं मानणं न मानणं दाराबाहेर चपलांबरोबर राहतं. गंगाजल मागितलं तर चमच्याने ओठांना लावते, फादरना बोलावून आणलंय, कलमा म्हणणाऱ्या घरी गप्प बसलेय. "असं मी काय पाप केलं?" या प्रश्नाला उत्तर द्यायला जाऊ नका. कर्माचा सिद्धांत सांगायला तर नकोच, पाहुण्यांनी तो आधीच सांगितलेला असतो. गव्हांकुर आणि पपईच्या पानांचा रसही तेच सांगून गेलेले असतात.

यापेक्षा इच्छामरण बरं नाही का?

प्रश्न रास्त आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जीव घेण्याचं इंजेक्शन देणं भारतात कायद्याला मंजूर नाही. बरं होण्याची शक्यता नसताना कृत्रिम आधार थांबवणं किंवा न देणं मंजूर आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. गोव्याने २०२४ मध्ये याची अंमलबजावणी सुरू केली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातल्या न्या. सोनक यांनी स्वतःचं विल नोंदवलं.

या सगळ्याची सुरुवात परळच्या केईएम रुग्णालयातल्या एका खाटेपासून झाली. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यावर, १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथे होत्या. त्यांना जाऊ द्यावं अशी याचिका झाली, तेव्हा तिथल्या परिचारिकांनी विरोध केला. २०११ च्या निकालात न्यायालयाने त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे निकटचे मानलं. त्या परिचारिका बरोबर होत्या का, यावर मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते. पण ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताबोलता पाहिलंही नव्हतं, अशा मुली नोकरीला लागल्यावर त्यांना भरवत, पुसत, कुशीवर वळवत राहिल्या. हा भाग कुठल्याच वादात बसत नाही.

माझा अनुभव एवढाच: "मला मारून टाका" म्हणणाऱ्या पुष्कळांना आधी दुखणं थांबवून हवं असतं. सगळ्यांना नाही.

घरात लहान मूल आहे. त्याला काय सांगायचं?

खरं, आणि थोडक्यात. "बाबा झोपलेत" म्हणू नका. असं सांगितलेली एक सहा वर्षांची मुलगी पुढे कितीतरी रात्री आईला झोपू देत नव्हती. "गावाला गेलेत" हेही नको, मूल एसटी स्टँडवर वाट बघतं. बाबांचं शरीर चालायचं थांबलं, ते परत येणार नाहीत, आणि हे तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. शेवटचं वाक्य न विचारता सांगा.

रुग्ण गेला की तुमचं काम संपतं?

तेव्हा घरात माणसं मावत नसतात. आम्ही तेराव्यानंतर जातो, पाहुणे गेल्यावर. रिकामी कॉट, उरलेल्या गोळ्या, अर्धा पुडा डायपर. बायको विचारते, "त्या रात्री मी अजून एक गोळी द्यायला हवी होती का?" हा प्रश्न तिने कोणालाच विचारलेला नसतो. मग चार्ट काढून, वेळेसकट, तिने काय काय केलं ते तिलाच वाचून दाखवायचं. कोणतंही सांत्वन यापुढे फिकं आहे. जगण्यातलं सार्थक वगैरे मोठे शब्द मला वापरता येत नाहीत, पण तो चार्ट वाचून दाखवण्यासाठी मी कितीही लांब जाईन.

रुग्णासमोर रडू आलं तर चालतं का?

चालतं. फक्त तुम्हाला सावरायचं काम त्यांच्यावर पडता कामा नये.

मला स्वयंसेवक व्हायचंय. आई जाऊन तीन महिने झालेत.

थोडं थांबा. आम्ही साधारण वर्षभर थांबायला सांगतो. आत्ता प्रत्येक कॉटवर तुम्हाला आईच दिसेल, आणि त्या कॉटवरच्या बाईला तिच्यासाठी आलेलं माणूस हवं असतं. तोवर देणगीच्या पावत्या लिहायला या, औषधांची कपाटं लावायला या. ते काम कोणाला नको असतं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त हवं असतं. नंतर थोडं प्रशिक्षण घ्यावं लागतं. नर्स आणि डॉक्टरांसाठी इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही १९९४ पासूनची संस्था अभ्यासक्रम चालवते. स्वयंसेवकांना जवळचं केंद्र शिकवतं.

पहिल्या दिवशी येताना काय आणू?

सहज काढता येतील अशा चपला. डबा, कारण रुग्णाच्या घरी चहाला नाही म्हणता येत नाही, पण जेवायला बसायचं नसतं. नखं कापून या. मोबाइल बंद. अत्तर आणि गजरा नको, मळमळणाऱ्या माणसाला मोगऱ्याचा वाससुद्धा सहन होत नाही. खुर्ची दिली तर बसा. उभ्या माणसाला सगळे घाईत समजतात. आणि गावाकडे जायचं असेल तर निघण्यापूर्वी कांद्याचा भाव बघून ठेवा.